विकतचा विजय

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तोपर्यंत माझ्या वर्गमित्रांनी पाऊस, प्रेम आणि आई हे तीन विषय आपापसांत वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला उरला मोबाईलवरचा खेळ. "हा काय वार्षिकांकाचा विषय झाला?" असे काही गुरुजन म्हणतील याची मला कल्पना आहे. पण मधल्या सुट्टीत जिन्याच्या पायऱ्यांवर माना खाली घालून जी मंडळी बसलेली दिसतात, ती काही ज्ञानेश्वरीचे पारायण करीत नसतात. रोजचा तास-दीड तास आपण ज्या गोष्टीत घालवतो, तिच्यात न्याय आहे की अन्याय, एवढे विचारायला हरकत नसावी. शिवाय या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकारही पोहोचतो. या खेळात मी हरलो आहे आणि पैसेही घालवले आहेत.

आधी हरल्याची हकिगत सांगतो. गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या महाविद्यालयाने पहिल्यांदाच मोबाईल खेळाची स्पर्धा ठेवली. प्रवेश विनामूल्य, चौघांचा संघ, बक्षीस म्हणून एक चषक आणि प्रत्येकी एक इयरफोन. खेळाचे नाव देत नाही; त्याची जाहिरात करायला त्याच्याकडे पुष्कळ पैसा आहे. आमच्या संघात डोंबिवली पूर्वेच्या आयरे रस्त्यावरचे आम्ही दोघे, एक कल्याणच्या कोळसेवाडीचा आणि एक दिव्याचा. चौघांच्याही घरी महाविद्यालयाची पायरी चढलेले याआधी कोणी नाही, हा निव्वळ योगायोग. महिनाभर आम्ही रात्री जेवणे झाल्यावर सराव केला. उपान्त्य सामन्यात आमची गाठ पडली ती घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका मित्राच्या संघाशी. सात फेऱ्यांपैकी चार जिंकेल तो पुढे. आम्ही चार-तीन असे हरलो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. या खेळात प्रत्येकाला बंदूक फुकट मिळते. पण तीच बंदूक नवे रूप चढवून विकतही मिळते आणि त्या रूपाबरोबर तिचा गुणही बदलतो. तिची गोळी थोडी जास्त लागते किंवा थोडी जलद सुटते. फरक फार नसतो. शंभरात पाच-सात म्हणा. पण दोघांनी एकमेकांना एकाच क्षणी पाहिले आणि दोघांचाही नेम बरोबर असला, तर त्या पाच-सातांवरच कोण पडायचे ते ठरते. आमच्या मित्राकडे अशा चार बंदुका होत्या. आमच्याकडे एकही नव्हती.

हरल्यावर आम्ही कुरकुर केली, तेव्हा सगळीकडून एकच उत्तर मिळाले. "ते ऐच्छिक आहे रे! तुझ्यावर कोणी सक्ती केली आहे का? नको असेल तर घेऊ नकोस."

ऐच्छिक हा शब्द मला महाविद्यालयात आल्यावरच भेटला. प्रवेशाच्या अर्जावर "ऐच्छिक विषय" असा रकाना होता. वडिलांनी विचारले, "ऐच्छिक म्हणजे नाही घेतला तरी चालतो ना?" मी म्हणालो, "नाही, चारांतला एक घ्यावाच लागतो." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग त्याला ऐच्छिक का म्हणतात?" एमआयडीसीतल्या कारखान्यात बावीस वर्षे काढलेल्या माणसाचा हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला होता.

या शब्दाची खरी परीक्षा मला आपल्या लोकलगाडीत दिसते. मी रोज डोंबिवलीहून ठाण्याला येतो. गाडीला पहिल्या वर्गाचे डबे असतात आणि त्यांचा पास दुसऱ्या वर्गाच्या कितीतरी पट महाग असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो पास काढणाऱ्याला गादी मिळते आणि थोडी मोकळी हवा मिळते. सकाळच्या वेळी तीही मिळत नाही म्हणतात, पण तो त्याचा प्रश्न. मुद्दा असा की कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करीत तो ठाण्याला पोहोचतो त्याच मिनिटाला मीही पोहोचतो. त्याच्या पैशाने माझी गाडी मागे पडत नाही. खेळातले कपडे, टोप्या, बंदुकीवरची वेलबुट्टी ही या पहिल्या वर्गासारखी. जुलै २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआयमध्ये बहुतेक विक्री अशाच नटण्यामुरडण्याच्या वस्तूंची आहे. सोनेरी बंदुकीतून सुटलेली गोळी काही जास्त लागत नाही. ज्याला हौस आहे त्याने खुशाल घ्यावे. आमची आईसुद्धा टाळेबंदीत मावशीबरोबर लुडो खेळायला शिकली. तो लुडो किंग नावाचा खेळ २०१६ मध्ये नवी मुंबईतल्याच गेमेशन या कंपनीने काढलेला. मधल्या जाहिरातींनी ती वैतागते, पण पैसे भरून त्या घालवाव्यात असे तिला कधी वाटले नाही.

आता याच गाडीचा दुसरा प्रसंग आठवा. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने वातानुकूलित गाडीच्या दहा फेऱ्या वाढवल्या. त्या जादा नव्हत्या, साध्या गाड्यांच्या जागी घातल्या होत्या. वातानुकूलित गाडीचे तिकीटही ऐच्छिकच होते; तिच्यात चढायला कोणी कोणाला भाग पाडत नव्हते. पण ज्याची नेहमीची साधी गाडी गेली त्याला पुढच्या गाडीला दुप्पट गर्दीत लोंबकळावे लागले. कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी निदर्शने केली आणि २५ ऑगस्टपासून त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या गेल्या. तेव्हा मी शाळेत होतो. ही माणसे इतकी का चिडली ते आता कळते. वातानुकूलित गाडीशी त्यांचे भांडण नव्हते. त्यांची गाडी काढून घेऊन वर "तुम्हांला पर्याय दिला आहे" असे ऐकवले गेले, त्याचा तो राग होता. म्हणून पैसे देऊन घ्यायची गोष्ट ऐच्छिक आहे की नाही, हे घेणाऱ्याकडे बघून कळायचे नाही. न घेणाऱ्याचे काय होते ते पाहावे.

मोबाईल खेळांत तर साधी गाडी मुद्दाम हळू चालवतात. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा क्लॅश रॉयल हा खेळ २०१६ मध्ये आला. त्यात सामना जिंकला की पेटी मिळे. पण सोनेरी पेटी उघडायला आठ तास थांबावे लागे, आणि पैशाने घेतलेली रत्ने खर्च केली की ती लगेच उघडे. त्या आठ तासांत पेटीत काही शिजत असते काय? खोळंबा त्यांनीच निर्माण केला आणि त्यावरचा उतारा त्यांनीच विकायला ठेवला. गंमत पुढेच आहे. त्याच खेळात स्पर्धा भरवायची असेल तर पत्त्यांच्या पातळीवर मर्यादा घालून सर्वांना सारखे करायची सोय होती. म्हणजे खरी चुरस पाहायची असेल तेव्हा विकतचा जोर बाजूला काढून ठेवावा लागतो, हे विकणाऱ्यालाही पक्के ठाऊक होते.

माझ्या या म्हणण्यावर वर्गातल्या एका मैत्रिणीने चांगली हरकत घेतली. ती कबड्डी खेळते. ती म्हणाली, "मैदानावर तरी सगळे कुठे सारखे असते? एकाकडे चार हजारांचे बूट, दुसरी अनवाणी. क्रिकेटमध्ये इंग्लिश विलोची बॅट आणि चाळीतली फळी सारखी असते का? मग मोबाईलवरच कसले रडगाणे?"

मी दोन दिवस या प्रश्नावर अडलो होतो. चाळीतल्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि बाद झाला तर "माझी बॅट, मी चाललो" हा न्याय आपण सर्वांनीच भोगला आहे. मैत्रिणीचे म्हणणे अर्धे खरे आहे. पण मैदानी खेळांनी या प्रश्नाला उत्तर शोधले आहे, निदान शोधायचा प्रयत्न तरी केला आहे. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला आणि एवढा गदारोळ झाला की पुढे बॅटचे पाते लाकडाचेच असावे असा नियम आला. २००९ साली रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पॉलियुरेथेनचे पोशाख घालून पोहणाऱ्यांनी ४३ विश्वविक्रम केले. जलतरण संघटनेला ते मिरवता आले असते. तसे न करता तिने जानेवारी २०१० पासून त्या पोशाखांवर बंदी घातली, कारण पोहतोय कोण, माणूस की कापड, हेच कळेनासे झाले होते. साधन चांगले-वाईट असणार, हे खेळाने मान्य केले. पण साधनच खेळू लागले की पंच आडवा येतो. मोबाईलच्या खेळात पंच, मैदानाचा मालक आणि बॅट विकणारा दुकानदार हे तिघे एकच. आडवे कोणी यायचे?

दुसरी हरकत पैशाची. खेळ बनवायला खर्च येतो, संगणक चोवीस तास चालू ठेवावे लागतात. ज्याला परवडते तो देतो आणि त्याच्या जिवावर तुम्ही फुकट खेळता, मग तक्रार कसली? हे मला बराच काळ पटत होते. फुकटची शिदोरी खाऊन यजमानाला नावे ठेवू नयेत, असे आमच्या घरी शिकवलेले. पण या धंद्याची रीत समजली तेव्हा शिदोरीचा हिशेब वेगळाच निघाला. अशा खेळांत पैसे भरणारे थोडे असतात आणि त्यांतले अगदी मोजके लोक फार मोठ्या रकमा भरतात. धंद्याच्या भाषेत त्यांना "व्हेल" म्हणतात, म्हणजे देवमासा. आता देवमाशाने पैसे भरून घेतलेली बंदूक चालवायची कोणावर? समोर कोणीतरी पडणारा हवा. रात्री अकरा वाजता क्षणात चौघांविरुद्ध चौघे जमतात ते आमच्यासारखे लाखो जण फुकट येतात म्हणून. तेव्हा आम्ही पाहुणे नसून पंगतीत वाढलेला पदार्थ आहोत. माझा डोंबिवलीचा आतेभाऊ सांगतो की त्याच्या वेळी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक खेळत. वीस रुपये तेव्हा त्याला जड जायचे, पण एकदा ते दिले की गल्ल्यावर बसलेल्या मालकाच्या मुलालाही तीच बंदूक मिळायची. ते मला आजच्या फुकटापेक्षा जास्त न्यायाचे वाटते.

आता पैसे घालवल्याची हकिगत, जी मी थोडक्यात उरकणार आहे. हरल्यानंतर पंधरा दिवसांनी मी अर्थशास्त्राच्या पुस्तकासाठी मिळालेले तीनशे रुपये त्या खेळात भरले. अर्थशास्त्राच्याच पुस्तकाचे, हेही लिहून ठेवतो. आई पोळीभाजी केंद्रात पोळीमागे दोन रुपये घेऊन पोळ्या लाटते. म्हणजे दीडशे पोळ्या. रुपये भरले की आधी त्यांचे हिरे होतात. वस्तूची किंमत हिऱ्यांत सांगितलेली असल्यामुळे आपण किती रुपये उधळतो आहोत याचा पत्ता लागत नाही, आणि दर वेळी थोडे हिरे असे उरतात की त्यांत काहीच येत नाही. बंदूकही सरळ विकत मिळत नव्हती. चाक फिरवायचे आणि नशिबात असेल ते घ्यायचे. मी चाक फिरवत गेलो. शेवटी मला फुलाफुलांचे एक गुलाबी जाकीट मिळाले. आजही माझा सैनिक ते घालूनच मरतो.

यावर "मोह आवरायला नको होता का?" असे कोणी विचारील, तर हो, आवरायला हवा होता. पण चाक फिरवणारा मीच एकटा दोषी, हेही मला मान्य नाही. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही नामांकित खेळांतल्या अशा पैशांच्या पेट्या तिथल्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले. जपानने तर २०१२ मध्येच, वेगवेगळ्या सोडतींतल्या वस्तूंचा संच पूर्ण झाला की मोठे बक्षीस देण्याच्या प्रकाराला आळा घातला होता. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांना बंदी घातली. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवरचे ड्रीम इलेव्हनचे नाव त्यामुळेच उतरले. कायदा चांगला आहे. आमच्या चाळीत रमीपायी दोन घरे बुडता बुडता वाचली. पण त्याचा भर लावलेले पैसे वाढून परत येण्याच्या आशेवर आहे. माझे तीनशे रुपये परत येणारच नव्हते, मला तशी आशाही नव्हती. जे नुसतेच जातात आणि कधी येत नाहीत, त्या पैशांची काळजी कोणी करायची?

तरीही पैशाचे दुःख मला दुय्यम वाटते. मुख्य गोष्ट मला जानेवारीत कळली, आणि ती त्या घोडबंदरच्या मित्रामुळेच कळली. तो खलनायक मुळीच नाही. राज्यशास्त्राच्या त्याच्या टिपणांवरच मी उत्तीर्ण झालो आहे. एके दिवशी तलावपाळीवर बसलो असताना मी पुन्हा बंदुकीचा विषय काढला. तो वैतागून म्हणाला, "चार महिने तू हेच बोलतो आहेस. आणि मला काय वाटतं ते विचारलंस का? मी जिंकलो तरी सगळे म्हणतात, पैशाने जिंकला. मला चांगलं खेळता येतं की नाही हे मला तरी कुठे माहीत आहे?"

मग त्याने आपला मोबाईल काढला आणि मला एक गोष्ट दाखवली. मित्रामित्रांत सामना खेळण्यासाठी जी खाजगी खोली उघडता येते, तिच्या मांडणीत एक बटण आहे. "बंदुकीचे गुणधर्म: चालू किंवा बंद." बंद केले की सगळ्या बंदुका सारख्या होतात, रंग राहतो, गुण जातो. स्नेहसंमेलनाच्या स्पर्धेतही अशीच खोली उघडली होती. फक्त ते बटण कोणी पाहिले नव्हते. समितीनेही नाही आणि आम्हीही नाही.

त्या शनिवारी आम्ही दोन्ही संघ पुन्हा खेळलो, बटण बंद करून. पाच सामने झाले. तीन त्यांनी जिंकले, दोन आम्ही. म्हणजे स्नेहसंमेलनात आम्ही बंदुकीमुळेच हरलो असे छातीठोकपणे म्हणण्याचा माझा अधिकारही गेला. मी फार लवकर खिडकीतून डोके बाहेर काढतो, ही माझी चूक मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. इतके महिने ती मला दिसली नव्हती, कारण प्रत्येक वेळी मरताना मी बंदुकीकडे बोट दाखवत होतो. हरलो तर का हरलो हे कळायला हवे, नाहीतर माणूस सुधारणार कसा? आमच्यासारख्यांना हे जास्त लागते. परीक्षेत, मुलाखतीत, नोकरीच्या रांगेत आम्ही मागे पडतो तेव्हा आमच्यात काय कमी होते आणि मुळातच काय दिले गेले नव्हते, हे दोन धागे कधी सुटे करता येत नाहीत. निदान खेळात तरी ते सुटे व्हावेत. आणि माझ्या मित्राला आपले तीन सामने पहिल्यांदाच स्वतःचे वाटले, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. त्याने सगळ्यांना वडापाव दिला. तो मात्र विकतचाच होता आणि आम्ही आनंदाने खाल्ला.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. खेळ बंद करा असे मी म्हणत नाही; कंपन्या माझे ऐकून दुकान बदलतील एवढा मी भाबडा नाही. परंतु महाविद्यालयाच्या छपराखाली जी स्पर्धा होईल, जिच्या चषकावर महाविद्यालयाचे नाव असेल, तिच्यात विकतचा गुण चालू नये. एखाद्या खेळात ते बंद करायची सोयच नसेल, तर तो खेळ स्पर्धेसाठी निवडू नये. बुद्धिबळ आहे, कॅरम आहे. वक्तृत्व स्पर्धेत जास्त वर्गणी देणाऱ्याला दोन मिनिटे अधिक दिली तर आपण चालवून घेऊ का?

तसा लेखी अर्ज मी स्नेहसंमेलन समितीकडे गेल्या महिन्यात दिला आहे. त्यावर एकोणीस सह्या आहेत. पहिली घोडबंदरच्या मित्राची, दुसरी माझी, आणि कबड्डीवालीनेही "बुटांचा प्रश्न अजून सुटलेला नाही" असे बजावून सही केली. समितीच्या सरांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि खिशातून स्वतःचा मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. "ते बटण कुठे असते, दाखव बघू," ते म्हणाले.